कार्डांची कपाटे हलवण्यापूर्वी : ग्रंथालय समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, ग्रंथालय सल्लागार समिती,
तसेच विद्यापीठ प्रशासन.

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात पूर्व आशिया विभागाच्या दारावर एक सूचना लागली. एकाच पानाची. विभागाची स्वतंत्र अभ्यासिका बंद होणार, विभागातली पुस्तके दूरच्या साठवणगृहात जाणार, विषय-ग्रंथपालांच्या निवृत्तीनंतर ते पद भरले जाणार नाही, आणि जुनी कार्ड-कपाटे ‘कालबाह्य’ म्हणून महिनाअखेर काढली जाणार. शेवटी एक आश्वासनही होते : वाचकांना लागणारी सर्व साधने नव्या एकत्रित शोधखिडकीतून उपलब्ध होतील.

या निर्णयाबद्दल मी आपल्याला आधी दोन पत्रे पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्यापैकी कुणाच्याही हेतूबद्दल मला शंका नाही. जागा अपुरी आहे, पैसा अपुरा आहे, हे मी जाणते. पण हा निर्णय घेताना चीन, जपान आणि कोरियाविषयीचे पुस्तक शोधावे कसे लागते, हे कुणी समजून घेतले असावे असे दिसत नाही. तेवढेच मला इथे मांडायचे आहे.

मी सोळा वर्षे या ग्रंथालयाची वाचक आहे. आधी विद्यार्थिनी होते, आता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या उत्तर चीनमधील खेड्यांवर संशोधन करते. माझ्या विषयाची बरीचशी साधने एका विलक्षण ठिकाणाहून येतात. मांचुरिया म्हणजे ईशान्य चीन; तिथली दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनी जपानने १९०६ मध्ये स्थापन केली. नावाला रेल्वे, पण १९०७ पासून तिचा स्वतःचा संशोधन विभाग होता. १९४५ मध्ये कंपनी संपेपर्यंत या विभागाने जमीनधारणा, पिके, कर्जे, पाण्याची वाटणी, गावचे पंच, आठवड्याचे बाजार अशा असंख्य गोष्टींवर अहवालांमागून अहवाल काढले. १९४० नंतरच्या काही वर्षांत याच संशोधकांनी उत्तर चीनमधल्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना प्रश्न विचारले आणि सवाल-जवाब जसेच्या तसे उतरवून घेतले. पुढे १९५२ ते १९५८ या काळात ते सहा खंडांत छापले गेले. विचारणारे व्यापलेल्या मुलखातल्या सत्तेची माणसे होती, त्यामुळे प्रत्येक उत्तर जपून वाचावे लागते. पण त्या शेतकऱ्यांचे इतके तपशीलवार बोलणे क्वचितच कुठे टिकले आहे. युद्धानंतर कंपनीचे कागद चीन, जपान आणि अमेरिका असे विखुरले. त्यांतले थोडे जुन्या खरेद्यांतून आणि देणग्यांतून आपल्याकडेही आले.

अशाच एका अहवालामागे मी आठ महिने होते. माझ्याकडे फक्त एका तळटीपेतला उल्लेख होता. त्यात शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद दिला होता, मूळ शीर्षक नव्हते. लेखकाचे आडनाव होते, साल दिलेले होते. मी संगणकावर दर आठवड्याला नव्या तऱ्हेने शोध घेई आणि दर वेळी ‘एकही नोंद सापडली नाही’ हेच उत्तर येई. शेवटी तो अहवाल आपल्याकडे नाही असे धरून मी प्रबंधातले एक प्रकरण रद्द करायला निघाले होते.

विभागाच्या ग्रंथपालांनी मला तीन प्रश्न विचारले. ही तळटीप कुणाच्या पुस्तकातली? ते पुस्तक मुळात कोणत्या भाषेतले? साल कोणत्या पद्धतीचे? मग त्या दुसऱ्या कपाटाकडे गेल्या, चौथा खण ओढला आणि थोड्या वेळाने एक पिवळे पडलेले कार्ड माझ्यासमोर धरले. फार पूर्वी ज्यांनी ते कार्ड लिहिले त्यांना चिनी येत होती, जपानी येत नव्हती. म्हणून त्यांनी जपानी शीर्षकातली चित्राक्षरे चिनी उच्चाराप्रमाणे वाचली आणि तो उच्चार जुन्या पद्धतीने रोमन लिपीत लिहिला. शिवाय अहवाल स्वतंत्र पुस्तकाच्या रूपात नव्हताच. दुसऱ्याच एका अहवालाच्या पाठीला तो बांधलेला होता, आणि तशी टीप कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने केलेली होती. संगणकात पहिल्या अहवालाची नोंद आली, पेन्सिलीतली टीप आली नाही.

“पुस्तक होतं हो इथेच,” त्या म्हणाल्या, “फक्त त्याचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं.”

माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्या कार्डामुळे उभे आहे. आता ते कार्ड, तो खण आणि त्या खणाची माहिती असणारे पद, तिन्ही एकाच सूचनेने जात आहेत.

ही एका दुर्मीळ अहवालाची अपवादात्मक गोष्ट आहे असे आपल्याला वाटेल. म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू आपण शाळेत ‘ह्युएनत्संग’ या नावाने शिकलो. त्याच्यावरची पुस्तके शोधायला बसा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरांत त्याचे नाव रोमन ‘एच’पासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रसिद्ध अभ्यासात ते ‘वाय’पासून सुरू होते. वेड-जाइल्स ही जुनी लिप्यंतर पद्धत पुन्हा ‘एच’ वापरते, पण स्पेलिंग निराळे. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन पद्धतीत तो ‘एक्स’खाली जातो. जपानी पुस्तकात हाच माणूस ‘गेन्जो’ असतो आणि कोरियन पुस्तकात ‘ह्यॉनजांग’. चित्राक्षरे तीच दोन. कॅटलॉगमध्ये या सर्व रूपांना एकमेकांशी जोडणारी नोंद कुणीतरी केली असेल तर वाचक तरतो. केली नसेल तर सहा ठिकाणी शोधूनही सातवे पुस्तक राहून गेले की नाही, हे त्याला कळत नाही.

अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाने वेड-जाइल्स सोडून पिनयिन अधिकृतपणे स्वीकारली ती १ ऑक्टोबर २००० रोजी. तिथल्या लाखो नोंदी यंत्राने बदलल्या गेल्या. आपल्या कार्डांवर मात्र जुनीच पद्धत आहे आणि संगणकात चढवलेल्या आपल्या नोंदींपैकी कित्येक आजही अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या आहेत. पिनयिन माहीत असणेही पुरेसे नाही. काँग्रेस ग्रंथालयाच्या नियमानुसार व्यक्तींची आणि स्थळांची नावे वगळता चिनी शब्दातले प्रत्येक अक्षर सुटे लिहायचे असते. ‘ग्रंथालय’ या अर्थाचा शब्द ‘तुशुग्वान’ असा जोडून टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला काही मिळत नाही, ‘तु शु ग्वान’ असे तोडून लिहिणाऱ्याला मिळते. हे त्याला सांगणार कोण? शोधखिडकी सांगत नाही. ती फक्त शून्य दाखवते आणि विद्यार्थी समजतो की आपल्याकडे पुस्तक नाही.

कोरियनची अडचण वेगळी आहे. दक्षिण कोरियाने २००० साली लिप्यंतराची नवी पद्धत आणली, पण ग्रंथालयांचे कॅटलॉग मोठ्या प्रमाणावर १९३९ च्या मॅक्क्यून-रायशावर पद्धतीवरच चालतात. म्हणून नकाशावर ‘बुसान’ आणि कॅटलॉगमध्ये ‘पुसान’. कोरियन साधने शोधणाऱ्याला दोन्ही पद्धती पाठ असाव्या लागतात.

मग मूळ लिपीतच शोधावे, असे आपण सुचवाल. जिथे मूळ लिपी आहे तिथे आम्ही तेच करतो. पण अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या सामायिक कॅटलॉगमध्ये चिनी, जपानी, कोरियन अक्षरे यायला १९८३ साल उजाडावे लागले. त्याआधीच्या नोंदी रोमन लिपीतच तयार झाल्या आणि त्यांना मूळ अक्षरे नंतर जोडली गेली असतील तरच ती सापडतात. आपल्या संग्रहात ती फार थोड्या नोंदींना जोडलेली आहेत. शिवाय अक्षरेही एकच एक राहिलेली नाहीत. जपानने युद्धानंतर १९४६ मध्ये नेहमीच्या वापरासाठी १,८५० अक्षरांची यादी ठरवली आणि पाठोपाठ अनेक अक्षरांची रूपे सोपी केली. चीनने १९५६ पासून स्वतःच्या पद्धतीने सोपी केली. तैवानने जुनी ठेवली. ‘पाणथळ जमीन’ या अर्थाचे एक साधे अक्षर आज तीन ठिकाणी तीन रूपांत लिहिले जाते आणि संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी अक्षरे आहेत. ज्या यंत्रणेत या रूपांची सांगड घातलेली नाही तिथे एकाच आडनावाचा लेखक तीनदा शोधावा लागतो. मी पाण्याच्या वाटणीवर काम करते, त्यामुळे हे अक्षर माझ्या वाट्याला रोज येते.

स्थळांच्या नावांमागे तर इतिहासच उभा आहे. रेल्वे कंपनीचे मुख्यालय ज्या बंदरात होते त्याला रशियनांनी ‘दाल्नी’ म्हटले, जपान्यांनी ‘दाइरेन’, जुन्या लिप्यंतराने ‘ता-लिएन’, पुढे काही दशके ते जोडशहर म्हणून ‘ल्युदा’ झाले आणि आज ते ‘दालियान’ आहे. जपानी राजवटीत सोल हे ‘केइजो’ होते, तैपेइ हे ‘ताइहोकू’. शेनयांग कुणासाठी ‘मुक्देन’, कुणासाठी ‘होतेन’. बीजिंग १९२८ ते १९४९ या काळात ‘पेइपिंग’ होते. प्रकाशनस्थळावरून पुस्तक शोधायचे तर ते कुणाच्या राज्यात छापले गेले हे आधी ठरवावे लागते. ही माहिती यादी करून एकदाची टांगून ठेवण्यासारखी नाही. पुस्तके हाताळता हाताळता ती माणसाच्या अंगी येते.

सालाचेही तसेच. पुस्तकावर नुसते ‘३८ वे वर्ष’ असे छापलेले असेल तर ते जपानच्या मेइजी सम्राटाच्या काळातले १९०५ असू शकते, चिनी प्रजासत्ताकाच्या गणनेने १९४९ असू शकते किंवा जपानच्याच शोवा सम्राटाच्या काळातले १९६३. उलट १९३७ हे एकच वर्ष जपानी अहवालावर शोवा १२, नानजिंगच्या चिनी सरकारच्या कागदावर प्रजासत्ताकाचे २६ वे आणि मांचुक्वो या मांचुरियातल्या जपानच्या अंकित राज्याच्या राजपत्रावर तिथल्या सम्राटाच्या गणनेने कांगदे ४ असे येते. माझ्या आठ महिन्यांपैकी निदान दोन मी या एका गोष्टीपायी घालवले. ग्रंथपालांचा तिसरा प्रश्न त्यासाठीच होता.

आणखी एका गोष्टीकडे प्रशासनाचे लक्ष कधीच गेलेले नाही, म्हणून ती थोडी सविस्तर लिहिते. चिनी ग्रंथव्यवहारात ‘त्सोंगशू’ नावाचा प्रकार आहे. शेकडो वेगवेगळे ग्रंथ एका संचात एकत्र छापायचे, ही तिथली जुनी परंपरा. त्यातला सर्वांत प्रचंड संच अठराव्या शतकात सम्राट च्यानलोंगच्या हुकमाने तयार झाला. ‘सिकू छ्वानशू’ हे त्याचे नाव, आणि त्यात साडेतीन हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत. त्याच्या एका हस्तलिखित प्रतीचे छायामुद्रण १९८० च्या दशकात तैवानमध्ये १,५०० जाड खंडांत झाले. अशा संचाची कॅटलॉगमध्ये नोंद किती? कित्येक ग्रंथालयांत फक्त एक. संचाच्या नावाची. आत कोणते ग्रंथ आहेत आणि कोणता कितव्या खंडात, हे छापील निर्देशसूचीतून पाहावे लागते. आपल्या अभ्यासिकेत अशा संचांच्या निर्देशसूच्या एका भिंतीला ओळीने लावलेल्या आहेत. सूचना वाचल्यावर मी मुद्दाम विचारले, तेव्हा कळले की त्या ‘कमी वापराच्या’ म्हणून साठवणगृहात पहिल्या खेपेलाच जाणार आहेत. संच दूर ठेवला तर एक वेळ चालेल, मागवता येईल. पण काय मागवायचे ते सांगणारे पुस्तकच दूर गेले तर आम्ही चिठ्ठीवर लिहायचे काय?

वापराचे आकडे कसे मोजले गेले, याबद्दलही तक्रार आहे. निर्णयामागे देवघेवीची आकडेवारी आहे असे सांगितले जाते. निर्देशसूच्या, कोश, दोऱ्याने शिवलेले जुने ग्रंथ, वृत्तपत्रांचे पुनर्मुद्रित खंड यांपैकी काहीही घरी नेता येत नाही. ते तिथेच बसून वाचायचे असते. म्हणजे जी पुस्तके बाहेर नेण्यास आपणच मनाई केली, ती बाहेर गेली नाहीत म्हणून ती कुणी वाचत नाही, असा निष्कर्ष निघाला. मी सोळा वर्षांत त्या भिंतीवरची सूची हजारदा तरी उघडली असेल. आपल्या आकडेवारीत त्यातले एकदाही नोंदलेले नाही.

आणि समजा खरोखर चारच वाचक असतील. काँग्रेस ग्रंथालयातील चिनी संग्रहाची सुरुवात १८६९ मध्ये चीनच्या सम्राटाकडून भेट आलेल्या १० ग्रंथांपासून झाली. सगळे मिळून ९३३ खंड. त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये ते वाचू शकणारे किती जण असतील? वाचक मोजून ते खंड तेव्हाच दूर केले असते तर पुढचा संग्रह घडला नसता. या विषयात वाचक पुस्तकांच्या मागून येतात.

साठवणगृहाबद्दल माझा सरसकट विरोध नाही. दुहेरी प्रती, जुन्या नियतकालिकांचे जाड खंड, सूक्ष्मचित्रफिती जरूर हलवाव्यात. पण तिथे पुस्तके आकारानुसार रचली जातात आणि नुसत्या बारकोडवर ओळखली जातात. आपल्या जुन्या संग्रहाची मांडणी हार्वर्ड-येनचिंग वर्गीकरणाने झालेली आहे. हार्वर्डच्या चिनी-जपानी ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल च्यू काइमिंग यांनी ते तयार केले आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा गुण असा की एका विषयावरची चिनी आणि जपानी पुस्तके शेजारी शेजारी येतात. ज्या पुस्तकाचे नाव मला माहीत नाही, कारण कॅटलॉगमध्ये ते चुकीच्या उच्चाराने बसले आहे, ते मला शेल्फवर डोळ्यांनी दिसते. कॅटलॉग अपुरा असताना शेल्फ हाच आमचा खरा कॅटलॉग आहे. आधी नोंदी दुरुस्त करा, मग पुस्तके हलवा. क्रम उलटा झाला तर पुस्तके सुरक्षित राहतील आणि कायमची दिसेनाशी होतील.

शिवलेल्या ग्रंथांची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यांच्या पातळ वह्या कापड लावलेल्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात असतात. एका वेष्टनात चार, सहा, आठ वह्या. क्रमांक वहीवर चिनी अंकांत असतो, कधी अंकांऐवजी ‘वरचा, मधला, खालचा’ अशा अक्षरांत असतो. हे न वाचता येणाऱ्या माणसाने घाईत वह्या वेगळ्या केल्या तर संच पुन्हा जुळवायला तज्ज्ञच लागेल, आणि तज्ज्ञाचे पद आपण काढून टाकत आहात. १९३०-४० च्या दशकांतला यंत्राचा कागद तर नुसत्या हाताळणीने तुटतो.

आता ‘सगळे ऑनलाइन आहे’ या मुद्द्याकडे येते. ऑनलाइन पुष्कळ आहे आणि मी ते रोज कृतज्ञतेने वापरते. जपानच्या परराष्ट्र आणि लष्करी दप्तरांतली कागदपत्रे २००१ पासून आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. कोरियातील जोसॉन राजवटीच्या दैनंदिन नोंदींवरून रचलेला बखरींचा संपूर्ण संग्रह शोधण्याजोग्या रूपात खुला आहे. चिनी बौद्ध त्रिपिटक तैवान आणि जपान या दोन्ही ठिकाणच्या प्रकल्पांनी अक्षर न् अक्षर उतरवून खुले केले आहे. चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेतून वेगवेगळ्या देशांत गेलेली हस्तलिखिते १९९४ पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने पडद्यावर पुन्हा जवळ आणली आहेत. जपानी ग्रंथालयांत कोणते पुस्तक कुठे आहे हे ‘साइनी’वर समजते, कोरियन प्रबंध ‘रिस’वर. यांतले एकही नाव आपल्या शोधखिडकीत नाही. मला ती सर्व त्याच ग्रंथपालांकडून कळली, आणि कुठे जुनी अक्षरे टाकायची, कुठे नवी, हेही त्यांनीच शिकवले.

जे विनामूल्य नाही त्याचे काय? चिनी नियतकालिके आणि प्रबंध यांचा मोठा आधार म्हणजे ‘सीएनकेआय’ हा डेटाबेस. २०२३ च्या १ एप्रिलपासून चीनबाहेरच्या अनेक संस्थांसाठी त्यातले प्रबंध, परिषदांतले निबंध आणि सांख्यिकीय वार्षिके हे विभाग बंद झाले. ज्यांनी त्याच्या भरवशावर छापील वार्षिके घेणे थांबवले होते त्यांच्या हाती त्या दिवशी काही उरले नाही. आपल्याकडे छापील वार्षिकांची ओळ होती, म्हणून माझ्या दोन विद्यार्थ्यांचे काम अडले नाही. तीच ओळ यंदा तोडली गेली, तीही कुणाला न विचारता. वर्गणी भरून मिळते ते भाड्याचे घर आहे. दार मालक केव्हाही लावू शकतो. छापील खंड आपल्या मालकीचा असतो.

याच्या जोडीला एक संधी आपण वापरलेलीच नाही, याचे मला फार वाईट वाटते. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने बाजारात न मिळणारी असंख्य पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन केली आहेत. २०१९ पासून परदेशी ग्रंथालयांनाही ती वाचकांना पडद्यावर दाखवता येतात. मात्र अर्ज ग्रंथालयाने संस्था म्हणून करावा लागतो. वाचक एकट्याने करू शकत नाही. मी हे चार वर्षांपूर्वी लेखी कळवले होते. अर्ज झालेला नाही.

मी काय मागते आहे ते स्पष्ट लिहिते.

विषय-ग्रंथपालांचे पद भरा. चिनी आणि जपानी किंवा चिनी आणि कोरियन वाचता येणारी व्यक्ती नेमा, आणि सध्याच्या ग्रंथपाल निवृत्त होण्याआधी नेमा, म्हणजे निदान सहा महिने दोघी एकत्र बसतील. पूर्ण पदाचा खर्च एकट्याला झेपत नसेल तर दोन-तीन संस्थांनी मिळून एक पद ठेवावे. डेटाबेसच्या वर्गणीतही एकत्र येता येईल. बर्लिनचे राज्य ग्रंथालय ‘क्रॉसएशिया’ या व्यवस्थेतून जर्मनीभरच्या संशोधकांना आशियाई भाषांतले डेटाबेस मिळवून देते. लहान विभागांनी स्वतंत्रपणे झुंजण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

कार्ड-कपाटे एकही कार्ड न टाकता स्कॅन होईपर्यंत जागची हलवू नका. मागच्या-पुढच्या दोन्ही बाजू स्कॅन व्हाव्यात, पेन्सिलीतल्या टिपांसह.

ज्या पुस्तकांच्या नोंदीत मूळ लिपी नाही ती पुस्तके साठवणगृहात पाठवू नका. निर्देशसूच्या, कोश आणि शिवलेले ग्रंथ वाचकांच्या हाताशी राहावेत. अभ्यासिका याच आकाराची हवी असा हट्ट नाही. एक खोली, एक भिंत आणि चार टेबले चालतील.

सांख्यिकीय वार्षिकांची आणि बंद केलेल्या नियतकालिकांची यादी जाहीर करा, म्हणजे कोणती पुन्हा सुरू करणे गरजेचे आहे हे आम्ही वाचक सांगू शकू.

संसद ग्रंथालयाच्या सेवेसाठी याच सत्रात अर्ज करा.

समितीत या विषयांचा किमान एक वाचक असावा. आणि या पत्राला एका महिन्यात लेखी उत्तर मिळावे, होकारार्थी असो वा नकारार्थी, कारणांसह.

स्कॅनिंगला माणसे नाहीत असे ग्रंथालयाच्या कार्यालयातून मला तोंडी सांगण्यात आले. आम्ही सात जण आहोत : मी, दोन सहकारी आणि चार विद्यार्थी. आमच्यापैकी तिघांना जपानी वाचता येते, पाच जणांना चिनी, एकीला कोरियन. सुट्टीच्या दिवशी अभ्यासिका उघडून द्या आणि एक स्कॅनर द्या. मोबदला नको. दुसऱ्या कपाटाच्या चौथ्या खणापासून सुरुवात करू. येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दाराशी येऊन थांबू. कपाटांची किल्ली कुणाकडे मागायची, तेवढे कळवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
पूर्व आशिया विभागाची एक वाचक